गावात आर्थिक सल्लागार व्हायचं म्हणतोस तर

कारंजा (लाड), जि. वाशीम
14 डिसेंबर 2025

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पुण्याची बँकेतली नोकरी सोडून इकडे यायचं आणि लोकांना पैशाच्या बाबतीत सल्ला द्यायचं काम सुरू करायचं, असं तुझ्या मनात आहे हे वाचून आनंद झाला. आपल्या भागाला आकडे कळणारा, घरचा माणूस हवाच आहे. पण ‘यात पोट भरतं का?’ हे तू विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देण्यासारखं नाही. म्हणून आज रविवारी दुकान बंद ठेवून लिहायला बसलो.

आधी पाटीचं सांगतो. म्युच्युअल फंडाचं कमिशन घेणार असशील तर दारावर ‘आर्थिक सल्लागार’ लिहिता येत नाही. सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, गुंतवणूक सल्लागारांचे नियम 2013 सालचे आहेत. सल्लागार म्हणून नोंदणी केलीस तर गिऱ्हाइकाकडून फी घ्यायची आणि कमिशनला हात लावायचा नाही. वितरक, म्हणजे फंड विकणारा, झालास तर सेबीच्याच एनआयएसएम संस्थेची व्ही-ए परीक्षा द्यायची, एआरएन हा नोंदणी क्रमांक घ्यायचा, आणि फंड कंपनी देईल त्या कमिशनवर जगायचं. माझ्या पाटीवर ‘म्युच्युअल फंड वितरक’ लिहिलंय ते यामुळे. डिसेंबर 2024 मध्ये सल्लागारांच्या अटी बऱ्याच सैल झाल्या. ठरावीक फी घेणाऱ्याला एका कुटुंबाकडून वर्षाला 1 लाख 51 हजारांपर्यंत घेता येते. हा आकडा पुण्यामुंबईचा आहे, गजू. आपल्या तालुक्यात नुसत्या सल्ल्यासाठी 500 रुपये मोजणारं घर सापडणं कठीण. लोक चिक्कू आहेत असं नाही. डॉक्टरला देतात, वकिलाला देतात, अर्ज लिहून देणाऱ्यालाही देतात. पण पैसा कुठं ठेवावा हे सांगण्याचे पैसे असतात, हेच कोणाला पटत नाही. “तुमी त घरचेच हा नं भाऊ, तुमाले कायची फी?” असं प्रेमानं म्हणतात आणि चहा पाजतात.

मग राहिलं कमिशन. त्याचा हिशेब कागदावर मांडून बघ. ऑक्टोबर 2018 पासून फंडातलं आगाऊ कमिशन बंद झालं. आता गिऱ्हाइकाचा पैसा जितके दिवस फंडात राहील तितके दिवस थोडं थोडं मिळतं. इक्विटी, म्हणजे शेअर्समध्ये पैसा लावणाऱ्या, फंडावर वर्षाला पाऊण टक्क्याच्या आसपास धर. एका मास्तरनं महिन्याला 1,000 रुपयांची एसआयपी, म्हणजे दरमहा खात्यातून कापून फंडात जाणारी ठरावीक रक्कम, सुरू केली, तर वर्षाअखेर जमले 12,000. त्यावर पुढच्या अख्ख्या वर्षाचं माझं कमिशन 90 रुपये. त्याच्या गावाला एकदा मोटरसायकलनं जाऊन आलो की त्यातलं काही उरत नाही. महिन्याला 50,000 घरी न्यायचे असतील तर लोकांचे आठ कोटी तुझ्या हाताखाली हवेत. कारंज्यासारख्या गावात ते जमायला वर्षं लागतात, महिने नाही.

याच्या उलट विम्याचं. पैसे परत मिळणारी एखादी एन्डोमेंट पॉलिसी 50,000 रुपये हप्त्याची विकली, तर पहिल्याच वर्षी हप्त्याच्या पाव भागाइतकं कमिशन हातात पडतं, काही ठिकाणी त्याहून जास्त. म्हणजे फंडातून जे 400 रुपये मिळतील, तिथं 12,000 च्या वर. आपल्याकडं घरटी विमा एजंट का आहे आणि फंडवाले बोटावर मोजण्याइतकेच का आहेत, ते यावरून कळेल. अडचण अशी की ज्या घरात कमावता एकच आहे, त्याला 50 लाखांचं संरक्षण हवं असतं, आणि त्या पॉलिसीत विमा रक्कम पाच-सात लाखांची असते. निव्वळ मुदत विमा फार कमी हप्त्यात मिळतो, पण ‘मेलो नाही त काईच नाही भेटत का?’ या प्रश्नावर गाडं अडतं. बरं, शेतकऱ्याला मी मुदत विम्याला राजी केलं तरी कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, बहुतेक वेळा आयकराचं विवरणपत्र. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे ते कोणी भरतच नाही. ज्याला विम्याची सगळ्यात जास्त गरज, त्याची फाईल तिथंच थांबते. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

तू लिहिलंस की शेतकऱ्यांना एसआयपीची सवय लावायची. लाव, पण त्यांचा पैसा कसा येतो ते आधी आठव. सोयाबीन दसरा-दिवाळीत, कापूस त्याच्या पुढंमागं, तूर जानेवारीत. वर्षाचा पैसा दोन-तीन वेळा येतो आणि एसआयपी दर महिन्याला कापली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये खातं रिकामं असतं, हप्ता परत जातो आणि बँक वरून दंड कापते. असा दंड कापला गेला की तो माणूस पुन्हा फंडाचं नाव काढत नाही. म्हणून मी शेतकऱ्याची एसआयपी सहसा करतच नाही. माल विकल्यावर जे उरेल त्यातून आधी सावकाराचं फेड, मग सोसायटीचं. पीककर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं, आणि तेच थकवून सावकाराकडून शेकडा पाचनं उचलणारे लोक मी बघतो. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. कोणता फंड साठ टक्के देणार आहे? पण ‘आधी कर्ज फेडा’ म्हटलं की मला एक पैसाही मिळत नाही.

माझं खरं म्हणणं एवढंच आहे, गजू. इथं जो सल्ला माणसाला तारतो, त्याला कमिशन नसतं. ज्याला कमिशन असतं, तो बहुतेकांना पहिल्या चार-पाच वर्षांत लागतच नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. इथून जवळच्याच खेड्यातला एक जण रात्री ओलिताला गेला होता. दिवसा लाईन नसते, तुला माहीतच आहे. साप चावला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. महिनाभरानं त्याची बायको दुकानात आली. सोबत मोठा पोरगा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, हळदीचे डाग पडलेलं. वर्षभर त्यावर काही छापलंच नव्हतं. आम्ही बँकेत गेलो, मशीनमध्ये टाकलं. खर खर करत ओळी उमटू लागल्या. मे महिन्यातल्या दोन ओळींवर मी बोट ठेवलं. एक 436 रुपयांची, दुसरी 20 रुपयांची. “हे कायचे कापले जी भाऊ?” तिनं विचारलं. कधीतरी खातं उघडताना नवऱ्यानं सही केली होती, त्यालाही आठवत नसावं. 436 म्हणजे केंद्र सरकारची जीवनज्योती विमा योजना, मरणाचं कारण काही असो, दोन लाख. 20 म्हणजे केंद्राचाच सुरक्षा विमा, अपघाती मृत्यू, आणखी दोन लाख. शिवाय राज्याच्या गोपीनाथ मुंडे योजनेतून शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला मिळणारे दोन लाख, त्याचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, वारसाची कागदं. एकेक करत जमवली. पैसे आले. ती बाई सावकाराकडं गेली नाही, पोराचं शिक्षण सुटलं नाही.

पण तशीच दुसरी पासबुकंही मी पाहिली आहेत, ज्यात मे महिन्यात ती ओळ नाही. या विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं, आणि पैसे मेच्या शेवटी कापले जातात. नेमकं तेव्हाच लोकांनी बियाणं-खतासाठी खातं झाडून नेलेलं असतं. 436 रुपये नाहीत म्हणून विमा बंद पडतो, आणि हे घरात कोणाला माहीत नसतं. म्हणून मी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ओळखीच्या गावांत फिरून सांगतो, खात्यात पाचशे ठेवा, काढू नका. यंदा तू सोबत असतास तर चार गावं जास्त झाली असती.

समृद्धी महामार्गाच्या वेळचं तुला ऐकून माहीत असेल. आपल्याकडं कितीतरी जणांच्या जमिनी गेल्या, थेट खरेदी झाली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी एक लाख एकत्र पाहिला नव्हता त्यांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली. तेव्हा गावागावांत टायवाले एजंट, गाड्यांचे विक्रेते, पैसे दामदुप्पट करणारे, सगळे उतरले. ज्याला मी विचारपूस करायला गेलो त्याला एकच सांगत होतो: आधी कर्ज, मग दुसरीकडं जमीन बघा, उरलेलं राष्ट्रीयीकृत बँकेत, आणि सगळं एकाच बँकेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला 2020 च्या फेब्रुवारीपासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. बँक आणि पतसंस्था यातला हा फरक आपल्या लोकांना कोणी समजावून सांगितलेला नाही. दोन्हीकडं काउंटर, दोन्हीकडं पासबुक, वरून पतसंस्थेत एक-दोन टक्के व्याज जास्त आणि संचालक ओळखीचा. जवळच्या एका पतसंस्थेत किती जणांची लग्नाची, आजारपणाची पुंजी अडकली, ते मी रोज बघतो. ज्यांनी ऐकलं ते आज निवांत आहेत. भेटले की हात उंचावून नमस्कार करतात. त्यातल्या एकाकडूनही मला कमिशन मिळालं नाही, आणि तेव्हाच्या त्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो.

मग घर कशावर चालतं? जिल्हा परिषदेचे मास्तर, ग्रामसेवक, कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले, दोन डॉक्टर. नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्या मास्तरांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळं म्हातारपणाची काळजी त्यांना खरोखर लागलेली आहे. या लोकांचा पगार दरमहा येतो, त्यांच्या एसआयपी टिकतात. माझं बहुतेक उत्पन्न यांच्याकडून आहे. म्हणजे शेतकऱ्यांसाठी काम करायला यायचं असेल तरी पोट नोकरदारांवर भरावं लागेल, हे धरून चाल.

नातेवाइकांपासून सुरुवात कर असं सगळे सांगतात. करू नको. मार्च 2020 मध्ये 23 तारखेला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 अंशांहून जास्त पडला. त्या आठवड्यात माझा फोन हातातून खाली राहत नव्हता. सगळ्यात जास्त बोलणारे सासरचे. ज्यांचं फंडात थोडंफार होतं असे शेतकरी मात्र शांत होते. एक म्हातारा म्हणाला, “एक साल बुडते, म्हणून पुढल्या साली पेरत नाही का आपन?” त्याला मला काहीच समजवावं लागलं नाही. नात्यातली माणसं दोन-तीन वर्षांनी, तुझं काम बघून आपण होऊन येतील. तेव्हा घे.

वहिनींना हे सगळं वाचायला दे. निदान तीन वर्षांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नको, आणि तो पैसा फंडात नको, बँकेत ठेव. मुलीची शाळा कुठं, हेही आधी ठरवा. व्ही-ए परीक्षा नोकरीत असतानाच दे, अवघड नाही. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठवडाभर सुट्टी काढून ये. मोटरसायकलवर माझ्या मागं बस, चार गावं फिरू, लोकांची पासबुकं बघू. ऊन फार असेल, टोपी-दुपट्टा आण. त्यानंतरही यावंसं वाटलं तर माझ्या दुकानात अर्धी जागा तुझी आहे, भाड्याचं नंतर बघू. मुक्काम आमच्याकडंच. आई तुझी आठवण काढते. काकांना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझाच,
प्रमोद