मुंबई बघायला आलेल्या बायकांनी पाणी प्यायचं की नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेची, निवृत्त परिचारिका. नर्सिंगच्या एकाच बॅचच्या आम्ही पाच मैत्रिणी गेल्या आठवड्यात रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. पेशंटबरोबर, लग्नकार्याला मुंबईत येणं झालं होतं, पण नुसती मुंबई बघायला म्हणून कधीच नाही. त्यामुळे दक्षिण मुंबई पायी फिरायची, असं ठरवूनच निघालो होतो.

सुरुवात सीएसएमटीच्याच इमारतीपासून केली. १८७८ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम दहा वर्षं चाललं. जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी दगडात कोरलेली पानं, मोर, प्राणी समोरच्या फुटपाथवरून बघताना मान दुखायला लागली, पण पाय निघेना. हुतात्मा चौकात आमच्यातली एकजण बराच वेळ हात जोडून उभी होती. तिचे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. तिथून ओव्हल मैदानाच्या कडेनं राजाबाई टॉवर पाहिला. २८० फूट उंच मनोरा, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचं नाव दिलेला. शेजारीच उच्च न्यायालय. दोन्ही इमारती १८७८ मध्येच पूर्ण झाल्या. हा सगळा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तो मान त्याला शोभतो.

पण याच भागात आम्हाला स्वच्छतागृह शोधत फिरावं लागलं. एक सापडलं, त्याला कुलूप. दुसरं उघडं होतं, पण आत पाणी नाही, कडी तुटलेली. आम्ही आळीपाळीनं दार धरून उभ्या राहिलो. पैसे मात्र द्यावे लागले. तिसऱ्या ठिकाणी बायकांच्या बाजूला झाडू-बादल्यांचं सामान भरून ठेवलेलं. फुटपाथवरच्या दुकानदारांना विचारलं तर प्रत्येकजण पुढच्या चौकाकडे बोट दाखवायचा.

दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की कुणाचीच पाण्याची बाटली रिकामी होत नाहीये. आमच्यातल्या एकीला रक्तदाबासाठी लघवीची गोळी आहे. तिनं ती सकाळी घेतलीच नव्हती. विचारलं तर म्हणाली, "अगं, दिवसभर बाहेर राहायचंय, मग काय करू?" चाळीस वर्षं पेशंटना वेळेवर गोळ्या दिलेली बाई ही! दुसरीला मधुमेह आहे. अशा बाईनं उन्हात पाणी न पिता फिरायचं आणि तासन् तास लघवी दाबून धरायची म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. वॉर्डात अशा बायका थंडी-ताप घेऊन यायच्या, आणि लघवीला जळजळ किती दिवसांपासून होतेय हे नवऱ्यासमोर सांगायला लाजायच्या. त्यातल्या कितीतरी जणी बाजाराच्या गावाला, लांबच्या प्रवासाला जाऊन आलेल्या असत.

बायकांसाठी अशी सोय करणं नियमात बसत नाही असंही नाही. 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला आहे की, रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं पुरवणं हे महापालिकांचं कर्तव्य आहे. ज्या न्यायालयाची इमारत आम्ही मान वर करून बघत होतो, त्याच न्यायालयाचा हा निकाल.

चांगलं आहे तेही सांगायला हवं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात स्वच्छ सोय होती, तिथे आम्ही निवांत झालो. मीरपूरखासच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्तींसमोर उभं राहावं इतकं मन तिथेच थाऱ्यावर आलं. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. गेटवेवर संध्याकाळी मजा आली, फोटो काढले, चहा प्यायलो. अर्धा अर्धा कपच.

संबंधित यंत्रणांना माझी विनंती फार मोठ्या खर्चाची नाही. आहेत ती स्वच्छतागृहं सकाळपासून रात्रीपर्यंत उघडी ठेवा आणि तिथे बाई कर्मचारी नेमा. नळाला पाणी, दाराला कडी, पर्स अडकवायला खुंटी आणि झाकणाची कचरापेटी हवीच. गुडघे गेलेल्या बायकांसाठी निदान एक कमोड आणि उठताना धरायला भिंतीला दांडा बसवा. ऐतिहासिक इमारतींच्या दिशा दाखवणाऱ्या पाट्यांवरच स्वच्छतागृहाचा बाण आणि अंतर मराठीत लिहा.

आपल्याकडेही एक मागणं आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत आपण मुंबई दर्शनाची पुरवणी काढता. त्यातल्या नकाशात चालू स्थितीतली स्वच्छतागृहं, त्यांच्या वेळांसकट, छापावीत. आमच्या मागची बॅच जानेवारीत याच वाटेनं फिरणार आहे, त्या सगळ्याजणी साठीच्या पुढच्या आहेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज