नालबंद मामांना, रेवाच्या मालकिणीकडून

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून मामा एवढंच लिहिते. तबेल्यात सगळे तुम्हाला तसंच हाक मारतात. हे तुमच्या नातीच्या मोबाइलवर पाठवणार आहे. ती वाचून दाखवील तेव्हा कौतुक आलं की तुम्ही हात झटकून "पुढचं वाच" म्हणाल, हेही मला ठाऊक आहे. तिला माझा निरोप, एक ओळ गाळायची नाही.

काल सकाळी माझी घोडी रेवा दुडक्या चालीने अख्खं रिंगण फिरली. मान खाली जात नव्हती, चारी टापांचा आवाज एकसारखा येत होता. मला रडू आवरेना. मन निवायच्या आत लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमचा तबेला उपनगरात आहे आणि सामायिक आहे. जागा एकाची, घोडे वेगवेगळ्या लोकांचे. चारा, सफाई, सईसाचा, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याचा, पगार हे सगळं महिन्याच्या पैशांत येतं, नालबंदी मात्र ज्याची त्याने बघायची. ऐकायला साधी वाटते ही व्यवस्था, पण सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा सतत वाढत असतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. लोखंडी नाल काही वाढत नाही. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी नाल काढायचा, खूर कापून-घासून सारखा करायचा आणि पुन्हा ठोकायचा. हे लांबलं की खुराचं टोक पुढे वाढत जातं आणि सगळा ताण टाचेवर आणि मागच्या शिरांवर येतो. एका छपराखाली इतके घोडे, प्रत्येकाची तारीख निराळी, प्रत्येक मालक आपापल्या ऑफिसात. नालबंद आला तर घोडा कोण धरणार, कुणाचा आधी, कुणाचा नंतर, पैसे कोण देणार, याचा कुणालाच पत्ता नसायचा.

त्यात पावसाळा. महालक्ष्मीला रेसचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तो उरकला की रेसचे घोडे पुण्याला जातात, कारण जुलै ते ऑक्टोबर रेस तिकडे. घोड्यांमागे ट्रेनर जातात, जॉकी जातात, सईस जातात आणि हाताला कसब असलेले बरेच नालबंदही जातात. नेमके हेच महिने मुंबईतल्या घोड्यांच्या पायांना सगळ्यात वाईट. ओल काही हटत नाही. खूर भिजून मऊ पडतात, खिळे सैल होतात, चिखलात पाय रुतला की नाल उपटून निघतो, तळव्याला कुजका वास यायला लागतो. आणि याच दिवसांत माणूस मिळत नाही. मग जो मिळेल त्याच्यापुढे मान तुकवायची.

आमच्याकडे जो यायचा त्याचं नाव मी घेणार नाही. पण त्याने केलं ते मी विसरलेली नाही. रात्री उशिरा मेसेज टाकायचा, "उद्या येतो." उद्या म्हणजे किती वाजता ते कधीच सांगायचा नाही. ज्यांच्या गाड्या मोठ्या त्यांचे घोडे आधी. सईस नसला तर घोडा आखूड दोरीने बांधायचा, नाहीच ऐकलं तर वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालायचा आणि भराभर ठोकत सुटायचा. खुराच्या मापाने नाल बसवायचा असतो एवढं तर मलाही कळतं. हा गृहस्थ पिशवीत असेल तो नाल काढायचा आणि बाहेर आलेला खूर कानशीने घासून नालाच्या मापाचा करायचा. तबेल्याच्या ऑफिसात तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, "नालबंदाचं तुमचं तुम्ही बघा, आमचा संबंध नाही."

रेवा रेसमधून निवृत्त झालेली घोडी. मुंबईत रपेटीला वापरतात त्यातले बरेच घोडे असेच रेसमधून आलेले असतात. यांच्या खुराची भिंत पातळ असते, खिळा मारायला जागा थोडी. त्या दिवशी तो आला तो सोमवार होता, म्हणजे आमच्या सईसाची सुट्टी. शेजारच्या घोड्याकडच्या माणसाने रेवाला कसंबसं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सईसाने मला फोन केला, "ताई, घोडी पुढचा उजवा पाय चोरतीय."

मामा, हा पोरगा बीडकडचा, विशीसुद्धा गाठलेली नाही. घोड्यांपाशीच झोपतो. त्याने हे मला सांगितलं, मी नालबंदाला सांगितलं. तो म्हणाला, "नवा नाल आहे, सवय व्हायला वेळ लागतो." ऑफिसात सांगितलं. तिथले साहेब पोराच्या तोंडावर म्हणाले, "सईसाचं काय ऐकत बसता?" एक जण म्हणाले खांदा धरला असेल. एकांनी तेल सुचवलं. पोरगा रोज तेच सांगत होता, पाय गरम लागतोय, घोडी पाय पुढे टाकून उभी राहते, जास्त वेळ बसून असते. रोज कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

एका जुन्या व्हिक्टोरियावाल्यांकडून, म्हणजे घोडागाडी चालवणाऱ्यांकडून, तुमचा नंबर मिळाला. मी फोनवर बोलताना रडत होते. तुम्ही विचारलंत, "पाय टेकवते का?" मी म्हटलं, जेमतेम. "मग उद्या सकाळी येतो." किती वाजता ते सांगितलंत आणि त्या वेळेला, धो धो पावसात, भायखळ्याहून लोकलने खांद्यावर अवजारांची पिशवी घेऊन हजर झालात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते सांगते. तुम्हाला ते आठवतही नसेल.

तुम्ही आलात तेव्हा रेवाच्या ठाणाभोवती आम्ही सगळे जमलो होतो. चार मालक, ऑफिसातले साहेब छत्री घेऊन, कुणाचा तरी ओळखीचा जाणकार. सगळे एकदम बोलत होते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "हिला चारा कोण घालतो?"

कुणीतरी मागे बोट दाखवलं. पोरगा भिंतीला टेकून उभा होता, हातात खरारा. तुम्ही त्याला पुढे बोलावलंत. तिथे एक बादली पालथी पडली होती, ती पायाने त्याच्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "बस. आता पहिल्यापासून सांग." तो बसेना. साहेब उभे, मालक उभे, हा कसा बसणार. तेव्हा तुम्ही स्वतः त्याच्यापुढे उकिडवे बसलात, ओल्या फरशीवर, या वयात, ते गुडघे घेऊन. मग तो बसला.

आणि तो बोलला, मामा. इतके दिवस अडकलेलं सगळं बोलला. कुठल्या वेळी जास्त लंगडते, वळताना कशी थांबते, रात्री किती वेळा उठते. साहेबांनी मध्ये काही म्हणायला तोंड उघडलं तर तुम्ही त्यांच्याकडे न बघता नुसता तळहात वर केलात. पोरगं बोलायचं थांबल्यावर विचारलंत, "कुठल्या बाजूला जास्त गरम लागतं, आत की बाहेर?" त्याने लगेच सांगितलं, आत. तुम्ही मान हलवलीत आणि मगच उठून घोडीच्या पायाला हात लावलात.

पुढचं तुमच्या हातांनी झालं. हातोडीने एकेका खिळ्यावर हलकेच टिचकी मारत गेलात. आतल्या बाजूच्या एका खिळ्याशी आलात आणि रेवाने पाय हिसकला. तुम्ही खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ केलीत, एक एक खिळा वेगळा उपसलात, पुसून ओळीने ठेवलात. तो खिळा काढलात तेव्हा तळहातावर घेऊन नाकाशी नेलात. टोकाकडून अर्धा ओला होता, काळपट, घाण वास येत होता. पहिल्यांदा तो पोराला दाखवलात. मग आम्हाला.

खुराच्या बाहेरच्या भिंतीला जाणीव नसते, आतला भाग जिवंत असतो, दोन्हींच्या मध्ये तळव्यावर पांढरी रेघ दिसते आणि खिळा त्या रेघेच्या बाहेरूनच जायला हवा. हे तुम्ही पोराला बोटाने रेघ दाखवून समजावलंत, आम्ही मागून ऐकलं. त्या माणसाने घाईत खिळा आत घातला होता. आत पू झाला होता आणि घोडी त्याच्यावर उभी होती.

नाल काढून झाल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, "इथून पुढे माझं काम नाही, डॉक्टर बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन आजच." सगळं आपल्यालाच येतं असं दाखवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. आपली हद्द इतक्या साधेपणाने सांगणारा माणूस पाहून मला किती धीर आला, ते मला नीट सांगताही येत नाही. डॉक्टरांनी पू मोकळा केला, पोटीस बांधायला शिकवलं, बाकी वेळेने केलं. पैसे द्यायला गेले तर तुम्ही म्हणालात, "नाल ठोकला की देशील. काढण्याचे कसले पैसे?"

तुम्ही तिथेच थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण निघताना तुम्ही ऑफिसात डोकावून विचारलंत, "सईसांची सुट्टी कधी असते?" सोमवार कळल्यावर म्हणालात, "मग मी मंगळवारी येणार." इतकी वर्षं नालबंदीचा दिवस कुणाच्या ना कुणाच्या सोयीने ठरत होता, मालकाच्या, ऑफिसच्या, नालबंदाच्या. घोडा ज्याच्या हाताला शांत राहतो त्याला त्या दिवशी हजर राहता येईल का, हा प्रश्न आमच्या तबेल्यात पहिल्यांदा तुमच्या तोंडून आला. आता प्रत्येक ठाणाच्या दारावर खडूने पुढची तारीख लिहिलेली असते. म्हाताऱ्या घोड्याला पाय फार वेळ उचलून धरवत नाही, म्हणून त्याचा पाय खालीच धरायचा आणि मध्ये मध्ये टेकू द्यायचा. भित्र्या घोड्याला त्याचा सोबती दिसेल असा उभा करायचा. एका दिवशी मोजकेच घोडे, एका मालकांनी "माझा आजच करा" म्हणून आवाज चढवला तरी. तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, थकलेल्या हाताने मी खिळा मारत नाही." पुन्हा कुणी आवाज चढवला नाही.

तुम्ही एकदा चहा पिताना सांगितलं होतंत की उमेदीची वर्षं व्हिक्टोरियाच्या घोड्यांना नाल ठोकण्यात गेली. 2015 साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या घोडागाड्या बंद करायचा निकाल दिला आणि तुमचं बहुतेक काम गेलं. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, "डांबरावर दिवसभर पळून त्यांचे खूर कसे व्हायचे ते मी बघितलंय. माझं पोट गेलं, पण त्या जनावरांचे पाय सुटले." हे वाक्य मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

या शहरात प्रत्यक्ष काम करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. दवाखान्यात पेशंटपाशी रात्रभर बसणाऱ्या मावशींना विचारत नाहीत, इमारतीतल्या पाण्याबद्दल पंप चालवणाऱ्याला विचारत नाहीत. ज्याचा हात रोज त्या गोष्टीला लागतो त्याला सगळ्यात आधी कळतं आणि सगळ्यात शेवटी बोलू दिलं जातं. यात नुकसान होतं ते बोलता न येणाऱ्याचं. रेवाला बोलता येत नव्हतं. तिच्यासाठी बोलणारा एक होता, आणि ज्यांचं काम ऐकायचं होतं त्यांनी त्याला उडवून लावलं. तो नालबंद, ते साहेब यांना मी एवढंच सांगते की त्या घोडीने जे सोसलं ते तुमच्या घाईमुळे आणि तुमच्या तोऱ्यामुळे.

आणि मामा, साधा सरळ माणूस समोर आला की बाकीचेही जरा सुधारतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आता मालक ठाणापाशी आले की आधी सईसाला विचारतात, "कशी आहे आज?" साहेबसुद्धा विचारतात. पोराची चाल बदलली आहे. तो सकाळी सगळ्या घोड्यांच्या पायांवरून हात फिरवतो. खुराच्या वर, मागच्या बाजूला नाडी कुठे लागते ते तुम्ही त्याची बोटं धरून दाखवलं होतंत, तिथे दाबून बघतो, आणि काही वेगळं वाटलं तर बिचकत नाही, फोन करतो.

आता एक मागणं. पोराला तुमचं काम शिकायचं आहे. स्वतः विचारायला लाजतो, म्हणून माझ्याकडून विचारतोय. लष्करातले नालबंद मेरठला लष्कराच्या पशुवैद्यक दलाच्या (आरव्हीसी) केंद्रात तयार होतात, पण बाहेरच्या पोराला तुमच्यासारख्याच्या हाताखालीच शिकावं लागणार. मी तबेल्यात बोलून ठेवलंय, मंगळवारी त्याला दुसरं काम देणार नाहीत आणि पगारही कापणार नाहीत. हे लेखी घेतलंय. तुम्ही हो म्हणालात तर येत्या मंगळवारी येताना तुमच्या त्या कारागिराकडून त्याच्या मापाचा चामड्याचा एप्रन घेऊन या. उंचीने तो तुमच्याइतकाच आहे, अंगाने बारीक. पैसे माझ्याकडून घ्यायचे, आणि या वेळी नाही म्हणायचं नाही.

तुमची,
रेवाची मालकीण