आधी पाणी, मग गॅस: मालवणच्या फ्रिजवाल्या काकांना पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

काल संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत तांब्याची प्लेट उणे ६४ अंशांवर जाऊन स्थिरावली. थोड्या वेळाने काचेच्या पेटीतल्या अल्कोहोलच्या धुक्यात एक बारीक पांढरी रेघ उमटली आणि विरली. मग दुसरी, मग एक आखूड, जाडसर. आठवीच्या मुली श्वास रोखून बघत होत्या. आकाशातून येणारे म्यूऑन नावाचे अतिसूक्ष्म कण समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक पडतात, हे मी इतकी वर्षं फळ्यावर सांगत आलो. काल ते त्यांना दिसले. म्हणून आज हे पत्र.

असे कण धुक्यातल्या रेघांनी दाखवणाऱ्या या पेटीला, म्हणजे क्लाउड चेंबरला, लागणारी थंडी ड्राय आइसने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) मिळते, पण मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत मागवलेला ड्राय आइस माझ्या हाती येईपर्यंत निम्मा उडालेला असायचा. तेव्हा घरीच दोन टप्प्यांची मशीन बांधायची ठरवली. पहिल्या कॉम्प्रेसरमध्ये प्रोपेन, तो उणे ४२ ला उकळतो. दुसऱ्यात इथेन, तो उणे ८८ ला. प्रोपेनच्या थंडीने इथेनचा द्रव करायचा आणि त्या द्रवाने प्लेट गार करायची. कागदावर सगळं जमलं होतं. प्रत्यक्षात मशीन उणे ३८ पर्यंत जायची आणि दहा मिनिटांत परत वर यायची.

नारळीपौर्णिमा तोंडावर आली होती. तुमच्या दुकानाबाहेर मासळीवाल्यांचे डीप फ्रीझर रांगेत उभे होते, तरी तुम्ही हातातलं काम ठेवून माझ्या घरी आलात. गरम पाण्यात पिळलेलं फडकं कॅपिलरीच्या, म्हणजे गॅस जिथून पुढे जातो त्या केसासारख्या बारीक नळीच्या, टोकावर धरलंत. आतून 'फुस्स' आवाज आला आणि मशीन पुन्हा गार करायला लागली. "गॅस कमी नाय. आत पाणी आसा, तां गोठता," एवढंच म्हणालात. मी गॅस वाढवत बसलो होतो तो महिनाभर.

नंतर माझा एक जोड कापून उभा चिरलात. आत काळे पापुद्रे. नायट्रोजन न सोडता ब्रेझिंग केलं, म्हणजे नळ्या तापवून डाग देऊन जोडल्या, की तांबं आतून जळतं आणि तेच पापुद्रे पुढे कॅपिलरीत अडकतात. सगळे जोड तुम्ही नव्याने केलेत, मला शेजारी बसवून, नळीतून नायट्रोजनची अगदी मंद धार सोडून.

आणि व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि बाष्प ओढून काढणं! श्रावणात आपल्याकडे भिंतींनाही घाम फुटतो, मग उघड्या राहिलेल्या नळीचं काय होणार? पंपाचं तेल दोन तासांत ताकासारखं पांढरं झालं. तुम्ही ते बदललंत, आणि रात्री पुन्हा बदललंत. व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघायला तुम्हीच शिकवलंत: आकडा चढतच राहिला तर लीक, चढून एका जागी थांबला तर आत अजून पाणी. ५०० मायक्रॉनच्या (हे अगदी कमी दाबाचं माप) खाली जाऊन तो तिथेच टिकेपर्यंत तुम्ही मला गॅसच्या बाटलीला हात लावू दिला नाहीत. "आदी पाणी भायर जावक होया, मगे गॅस." त्याला दुसरी रात्र उजाडली. मला तेव्हा मनातून राग आला होता, हे आज कबूल करतो. तुमचंच बरोबर होतं.

इथेनच्या बाजूला जास्तीची टाकी लावायचा हट्टही तुमचाच. ३२ अंशांच्या वर इथेन कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि मे महिन्यात आपली दुपार त्याच्या पुढे जाते. मशीन बंद पडली, वीज गेली की आतला सगळा इथेन वायू होऊन दाब चढणार. माझ्या आराखड्यात टाकी नव्हती. ती नसती तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो, कारण ही मशीन मुलांच्या मध्ये उभी राहणार होती. दोन्ही गॅस पेट घेणारे, म्हणून भरायचं काम घरात न करता खळ्यात, वारा वाहता असताना करायला लावलंत. आधी प्रोपेनचा कॉम्प्रेसर, वीस मिनिटांनी इथेनचा, हा क्रम तुम्ही खडूने भिंतीवर लिहिलात. तो मी पुसलेला नाही.

पैशांचं विचारलं तर म्हणालात, "पोरांका दाखय, मगे बघूया." दाखवलं, काका. शनिवारी चार वाजता पुन्हा सुरू करतो आहे, काकींना घेऊन या. मुलींना तुम्हाला विचारायचंय की इतक्या थंडीत तेल का गोठत नाही. त्याचं उत्तर मी मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलं आहे.

तुमचा मायक्रॉन गेज कापसात गुंडाळून डब्यात ठेवलाय. रविवारी पंपासोबत आणून देतो, नवं तेल भरूनच.

आपला,
विज्ञानाचा मास्तर