बाळाची टीएसएच टेस्ट झाली का, हे विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थायरॉईड म्हटलं की आपल्याकडे वजन वाढलेल्या, केस गळणाऱ्या बायकांचीच चर्चा होते, पण नुकत्याच जन्मलेल्या बाळालाही हा त्रास असू शकतो हे कितीतरी घरांत माहितीच नसतं म्हणून लिहितेय. भारतात साधारण हजारात एका बाळाची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ याच ग्रंथीच्या हार्मोनवर होते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं, उशीर झाला तर जे नुकसान होतं ते नंतर कितीही औषध दिलं तरी पूर्ण भरून येत नाही.

कळत नाही कारण पोटात असताना आईचं थोडं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, बाळाला मिळालेलं असतं, त्यामुळे जन्मताना ते एकदम नॉर्मल दिसतं. मग कावीळ लवकर उतरत नाही, शी कडक होते, रडणं घोगरं येतं, सारखं झोपून राहतं आणि घरचे कौतुक करतात की किती शांत बाळ आहे!

रक्तात मात्र लगेच दिसतं. थायरॉक्सिन कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, वाढवत राहते. माझ्या भाचीच्या मुलीचं तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं म्हणून वेळेत कळलं. आता रोज सकाळी चिमुकली गोळी चमच्यात चुरून आईच्या दुधाच्या थेंबात कालवून देतात, बाटलीत टाकत नाहीत कारण दूध उरलं तर औषधही उरतं. पोरगी मस्त आहे.

केरळात सरकारी दवाखान्यांत ही टेस्ट होते, मग आपल्याकडे प्रत्येक बाळाची का नको? अडचण एवढीच की आपल्याकडे बाळंतिणीला बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी घरी पाठवतात आणि पहिल्या 24 तासांत तर सगळ्याच बाळांचा टीएसएच वाढलेला असतो, रिपोर्ट फसवा येतो. पण त्यावर उपाय आहे, ही वाढ सुरू व्हायच्या आधी, जन्मताच नाळेतलं रक्त घेता येतं, नाहीतर आशाताई तिसऱ्या दिवशी घरी येतातच, त्यांनी टेस्ट झाली का विचारून बाळाला दवाखान्यात पाठवावं, टाचेचे थेंब फिल्टर पेपरवर वाळवून लांबच्या लॅबलाही पाठवता येतात.

आरोग्य विभागाने निदान डिस्चार्ज कार्डावर टीएसएचचा रकाना तरी छापावा, रिकामा दिसला की आईबाप स्वतःच विचारतील.

– एक वाचक, सातारा