बाळाचं पिद्योन हाबेन

अश्दोद, सोमवार

प्रिय आई, बाबा आणि आजी,

शालोम. काल बाळाचं पिद्योन हाबेन झालं, म्हणजे पहिल्या मुलाला नाणी देऊन सोडवून घेण्याचा आपला विधी. फोनवर आजीला धड ऐकू येत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, तिला मोठ्याने वाचून दाखव.

खरं तर विधी ३१व्या दिवशी करायचा. आमचा दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी आला, म्हणून रविवारी केला. आपल्या बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, कोहेन, म्हणजे याजकांच्या कुळातले कोणी नाहीत, त्यामुळे शेजारच्या मोरोक्कोकडच्या आजोबांना बोलावलं. त्यांनी आधी मला विचारलं, हा तुझा पहिलाच ना? मग ह्यांनी बाळाला चांदीच्या ताटात ठेवून त्यांच्यासमोर नेलं. भोवती सगळ्या बायकांनी आपापले दागिने काढून ठेवले होते. कोहेनांनी विचारलं, “तुला काय हवं, मुलगा की पाच नाणी?” उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं, तरी विचारतातच. ह्यांचा गळा इतका दाटला की दोनदा बोलावं लागलं.

नाणी ह्यांच्या मामांनी जपून ठेवलेली, १९७०च्या दशकात बँक ऑफ इस्राएलने खास या विधीसाठी पाडलेली. काही कोहेन ती नंतर बाळाला भेट म्हणून परत देतात. आमच्या आजोबांनी ठेवून घेतली, आणि मला तेच आवडलं. सोडवून आणायचं तर काहीतरी खरंच द्यावं लागतं.

बाबा, तुम्हाला हिशेब आवडतो म्हणून सांगते. मिसरमधून सुटका झाल्यावर इस्राएलांचे सगळे पहिले मुलगे देवाचे ठरले. पुढे त्यांच्या जागी सेवेला लेवी वंशातले पुरुष घेतले. मोजले तर मुलगे २२,२७३ आणि लेवी २२,०००. उरलेल्या २७३ जणांसाठी माणशी पाच शेकेल चांदी भरली, एकूण १,३६५. एकही मूल हिशेबातून सुटलं नाही. गणना नावाच्या पुस्तकातलं हे पान मला आता फार जवळचं वाटतं.

पण रात्री बाळाला पाजताना मनात शमुवेल संदेष्ट्याची आई हन्नाच येत राहते. रोश हाशानाच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, पहिल्या दिवशी आपण तिची गोष्ट ऐकतो, पण ते वाचन तिच्या गीतापाशी थांबतं. शमुवेलचं दूध तुटल्यावर तिने त्याला शिलोच्या देवघरात एली याजकापाशी ठेवलं, हे त्यात येतं; परवा मी पुढे वाचलं, तर दर वर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. माप कसं घेत असेल ती? पोर समोर नाही, वर्षभरात किती वाढलं असेल याचा अंदाजच करायचा. आई, तू पाठवलेली झबली खांद्यात थोडी मोठी होतात, ती मी पुढच्या महिन्यासाठी ठेवलीत.

हन्नाने मूल दिलं, आम्ही सोडवून घेतलं. तरी माझ्या लेखी ते देवाचंच आहे; सांभाळायला आमच्याकडे दिलंय.

आजी, तुझा नवस मी विसरलेले नाही. मूल झालं तर नजीर, म्हणजे देवाला वाहिलेला, ठेवीन, असं तू एलियाहू हानाबी या संदेष्ट्यासमोर बोलली होतीस. ह्यांना मी सांगितलंय, ते राजी आहेत. सहा-सात वर्षं त्याच्या केसांना कात्री लागणार नाही. काल मलिदाही केला. पोहे, नारळ, साखर, वेलची सगळं इथेच मिळालं.

केस उतरवायच्या वेळी आम्ही ठाण्याला यायचं की तुम्ही इकडे, ते बाबांनी ठरवावं. केसांच्या वजनाइतकं दान कुठे द्यायचं, ते आजीने सांगावं.

तुमची,
बेबी