आडव्या-उभ्या बेरजांची कोडी

कोल्हापूर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

इकडे पावसाची झड लागलीय. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, पण आपल्या गल्लीला काही धोका नाही. तिथं टीव्हीवर बातम्या बघून जीव टांगणीला लावून घेऊ नका. माडीवरच्या खिडकीतून पाणी झिरपत होतं, तेही बुजवून घेतलं.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ताईकडं सगळं आहे, पण सकाळ काही सरत नाही. बंगळुरात दारात मराठी पेपर पडत नाही, म्हणजे चहाबरोबरचं शब्दकोडंही गेलं. तुमचं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून सोबत हे कागद पाठवतेय. ही आकड्यांची कोडी आहेत, काकुरो म्हणतात यांना. घरं मुद्दाम मोठी करून छापून घेतलीत, चष्मा नाकावर सरकवत बसायला नको.

चौकट शब्दकोड्यासारखीच, फक्त पांढऱ्या घरात अक्षराऐवजी १ ते ९ पैकी एक आकडा. काळ्या घरात तिरकी रेघ दिसेल. रेघेच्या वरचा आकडा म्हणजे उजवीकडच्या आडव्या घरांची बेरीज, खालचा म्हणजे त्याखालच्या उभ्या घरांची. एका बेरजेत एक आकडा एकदाच येतो. नियम एवढेच, आणि भाषा कुठलीच लागत नाही. अमेरिकेत डेलच्या कोड्यांच्या मासिकांत ही ‘क्रॉस सम्स’ नावानं यायची. सुडोकूला ते नाव देणारे जपानचे माकी काजी २०२१ मध्ये वारले, त्यांच्याच निकोली प्रकाशनानं काकुरो हे नाव रूढ केलं.

सुरुवात कुठून करायची ते सांगते. काही बेरजा एकाच प्रकारे होतात. दोन घरांत १६ म्हणजे ७ आणि ९च. ८ आणि ८ चालत नाही, आकडा दोनदा आला. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९. आता १६ची आडवी ओळ आणि १७ची उभी ओळ जिथं एकमेकींना छेदतात, तिथं दोघींत असणारा आकडा हवा, म्हणजे ९. मग बाजूला ७, खाली ८. एका घरावरून तीन घरं भरली. तसंच दोन घरांत ३ म्हणजे १-२, ४ म्हणजे १-३. तीन घरांत ७ म्हणजे १-२-४, २४ म्हणजे ७-८-९. तुमच्या पिढीनं पावकी-निमकी पाठ केली, तुम्हाला हे काय जड!

पण बाबा, मला खरं सांगायचंय ते पुढंच. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर तुम्ही वही लिहायचात, तेव्हा पानाच्या कडेला आडव्या बेरजा आणि तळाला उभ्या. पाडव्याला सौदे निघाले की रात्री उशिरापर्यंत दोन्ही टोटल जुळवत बसायचात, आणि जुळल्याशिवाय जेवायला उठायचा नाहीत. काकुरोत नेमकी तीच रीत चालते. पहिल्या कागदाचा डावीकडचा वरचा कोपरा बघा. तिथं तीन-तीन घरांच्या दोन उभ्या ओळी आहेत, बेरजा २४ आणि ७. आडव्या बेरजा १२, १० आणि १४. पहिल्या दोन आडव्या ओळी त्या कोपऱ्यातच संपतात, तिसरीचं एक घर मात्र उजवीकडं बाहेर जातं. उभ्यांची टोटल ३१, आडव्यांची ३६. फरक ५, म्हणजे बाहेरच्या घरात ५! आतलं एकही घर भरलेलं नसताना हे कळतं. नंतर १२ला ८ आणि ४, १०ला ९ आणि १, उरले ७ आणि २. ही युक्ती मला पहिल्यांदा उमगली तेव्हा तुमची ती लाल वहीच डोळ्यांपुढं आली. लोक ही कोडी शिकतात, तुम्ही मात्र अर्धं आयुष्य तेच केलंय.

डोकं तल्लख राहतं, विसरभोळेपणा येत नाही असलं मी काही सांगणार नाही. मला एवढंच हवंय की सकाळी तुमच्या हाताला तुमच्या ओळखीचं काम असावं.

आई, तू यातून सुटली नाहीस. दुधाचा हिशोब तू कॅलेंडरवर बारीक आकड्यांत लिहितेस ना, इथं तसंच लिहायचं. घराच्या कोपऱ्यात शक्य असलेले आकडे पेन्सिलीनं बारीक टिपायचे आणि बाद होईल तो खोडायचा. बाबा पेननंच लिहायचा हट्ट धरतील, त्यांना पेन देऊ नकोस. अंदाजानं एकही आकडा भरायची गरज पडत नाही, कारण प्रत्येक कोड्याचं उत्तर एकच असतं आणि ते कारण लावून सापडतं. बाबा घाईला आले की तू विचारायचं, “हाच का?”

गठ्ठ्यातलं शेवटचं कोडं अवघड आहे. मी त्यात अजून अडकलेय. उजव्या बाजूला चार घरांत २९ आहे, म्हणजे ५, ७, ८, ९ हे नक्की, पण कोण कुठं बसतो ते लागत नाही. तुम्हाला लागलं तर फोनवर पहिल्या घरातला आकडा तेवढा सांगा, पुढचं माझं मी बघते.

ताईला नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद सांगा. आई, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची धाकटी