वस्तू लंडनला, दोष झांजिबारला

रविवार पुरवणीतील प्रवासलेखात ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या झांजिबार या जन्मभूमीतील संग्रहालयाची ‘नुसती छायाचित्रे’ अशी बोळवण केली आहे, ती पटली नाही. मीही ते पाहिले आहे. जागा लहान आहे, भर छायाचित्रांवर आहे, हे खरेच. पण अस्सल वस्तू तिथे येणार कुठून? फ्रेडीचे पोशाख, हस्तलिखित गीते, फर्निचर, सारे २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात गेले. मिशी विंचरायच्या चांदीच्या कंगव्याला दीड लाख पौंड मिळाले (हौसेला मोल नसते!) आणि पियानोला १७ लाखांहून अधिक. लिलावापूर्वीचे मोफत प्रदर्शन पाहायला १ लाख ४० हजार लोक लोटले. नंतर तो संग्रह कायमचा विखुरला. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचे नेमके उलटे झाले. त्याच्या ८० हजारांहून अधिक वस्तू लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे एकत्र गेल्या. एकाचा वारसा सार्वजनिक झाला, दुसऱ्याचा खासगी दिवाणखान्यांत गेला. त्याचा दोष झांजिबारच्या माथी कशाला?

आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फ्रेडी, म्हणजे मूळचा फारोख बुलसारा, शिकला, ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. त्याचे शाळासोबती आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी वेळीच ध्वनिमुद्रित केल्या, तर त्या झांजिबारच्या संग्रहालयालाही देता येतील.

– एक वाचक, सातारा